चवथीपर्यंत उभी

मोटारसायकल चालवायला एक माणूस पुरतो. ती तीन महिने न चालवता उभी ठेवायला मात्र रॉकेल, गिअर ऑइल, प्लगपाना, जुन्या पायजम्याची फडकी आणि घरातल्या सगळ्यांचं सहकार्य लागतं. यातली शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही. बर्फाच्या देशांतले लोक हे काम हिवाळ्याआधी करतात. आम्ही चाकरमानी ते मेअखेरीस, मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी, आमरसाने डोळे जड झालेले असताना करतो. दक्षिण कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण पडवीतली गाडी गंजते ती त्या पावसाने नव्हे, हवेतल्या ओलाव्याने.

सुरुवात टाकीपासून. टाकी रिकामी ठेवावी म्हणजे पुतण्या गाडी फिरवणार नाही, हा विचार व्यवहारी असला तरी पत्र्याला मारक आहे. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून बोटभर जागा सोडून टाकी भरायची. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं पेट्रोलशी काडीमोड घेऊन तळाला जाऊन बसतात, म्हणजे नेमके इंजिन जिथून पितं तिथे. बऱ्याच गाड्यांत झाकणाजवळ पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. त्यात लाल माती बसली असेल तर तारेने मोकळं करा.

गाडी कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या धाटणीच्या यंत्राची) असेल तर, खाली सांगितल्याप्रमाणे ऑइल बदलून इंजिन तापवून झाल्यावर, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. मग कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. ते आत सुकले की चिकट थर धरतो, पायलट जेट, म्हणजे संथ चालीला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बुजतो आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, गाडी फक्त चोकवर चालते. इंजेक्शनवाल्या गाडीला हा प्रयोग करू नये, पंप कोरडा पडतो.

ऑइल आताच बदला, परत आल्यावर नको. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते तीन महिने बेअरिंगला चाटत बसतं. शंभर-सव्वाशे सीसीला लिटरभर पुरे. नवं ऑइल घातल्यावर इंजिन चांगलं तापू द्या. गार झालं की प्लग काढून भोकात चमचाभर, म्हणजे 5 मिली, इंजिन ऑइल सोडा आणि चावी बंद ठेवून चार-पाच किका हळू मारा. किकच नसेल तर मेन स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. पडवीत बसलेल्या मंडळींना हे दृश्य फार आवडतं. प्लग परत बसवायला विसरू नका.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना ती शेवटी. उलट केलंत आणि पाना चॅसीला टेकला तर ठिणगी उडते. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर दाखवते, 12.4 च्या खाली गेली की चार्ज करा. 4 अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण 0.4 अँपिअरचा चार्जर लागतो. तिला इन्व्हर्टरच्या चार्जरला जोडणं हा मनुष्यवध नसला तरी बॅटरीवध आहे.

आता खरं संकट. प्रत्येक घरात एक काका असतात आणि ते म्हणतात, "दर आयतवारी पाच मिनटां चालू करतंय, तू काळजी करू नको." इथेच काळजी सुरू होते. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. पाच मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफ बाहेर पडत नाही, आतच थंड होते आणि पत्रा आतून खाते. सेल्फने ओढलेला करंटही बॅटरीला परत मिळत नाही. चालवायची तर दहा-बारा किलोमीटर चालवा, नाहीतर हात लावू नका. काकांना हे सांगून उपयोग नाही. चावी मुंबईला न्या.

त्यांचं दुसरं प्रेम म्हणजे निळी ताडपत्री. ती गाडीभोवती सुतळीने घट्ट आवळली की जमिनीची ओल आत कोंडते आणि गाडी मोदकासारखी वाफवली जाते. आधी धुऊन दोन उन्हं दाखवा, वर सुती चादर घाला, ताडपत्री हवीच तर वासाला बांधून वरून सोडा. सारवलेल्या जमिनीवर टायरखाली फळी हवी, हवा चार-पाच पीएसआय जास्त. गोठ्यात तर मुळीच नको, गोमूत्रातल्या अमोनियाने तांब्याच्या वायरी हिरव्या पडतात.

चेन रॉकेलने धुऊन, पुसून, 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. क्लच लिव्हर ट्यूबच्या पट्टीने हँडलला ओढून बांधा, नाहीतर प्लेटा एकमेकींना चिकटतात. एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी लावा, कारण उंदराला ती खोली पसंत पडते. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, अन्यथा कुंभारीण माशी मातीचं घर बांधते आणि भाडंही देत नाही. फडकं लाल घ्या, शेपूट बाहेर ठेवा आणि हँडलला चिठ्ठी अडकवा. विमा मात्र झोपत नाही, गाडी उभी असली तरी त्याची तारीख संपते.

चवथीला आल्यावर फडकं आणि जाळी काढा, फिल्टरच्या डब्यात काथ्याचं घरटं आहे का पाहा, क्लचची पट्टी सोडा, टायरची हवा नेहमीइतकी करा, बॅटरी जोडा. चावी न लावता चार किका मारा, मग कॉक उघडा. सुरू झाल्यावर काही मिनिटं निळसर धूर येईल. अंगणात जमलेल्यांपैकी निदान दोघे "रिंग गेली" असं निदान करतील. ते आपणच प्लगच्या भोकातून सोडलेलं चमचाभर ऑइल असतं. पाच-सात किलोमीटर गाडी चालवल्यावरही धूर थांबला नाही, तरच गॅरेजवाल्याला फोन करा. तो चवथीत उचलणार नाही, ही गोष्ट वेगळी.