‘पॅरिसच्या कॅफेत बसून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस नमस्कार.

फ्रान्समधल्या पडत्या सरकारांवरच्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते कालपासून चार वेळा वाचलं. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी पंतप्रधान बार्निए यांच्या कारकिर्दीचा काळ चुकीचा दिला. मरीन ल पेन यांच्या कडव्या उजव्या पक्षाला मतं देणारे एक कोटी लोक मला दिसत नाहीत. रत्नागिरीच्या माणसाला या सगळ्याशी काही देणंघेणं नाही. आणि आपल्याच शब्दांत, ‘पॅरिसच्या कॅफेत बसून फ्रान्स कळत नसतो.’

चूक कबूल आहे. मिशेल बार्निए ५ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान झाले आणि ४ डिसेंबरला त्यांच्यावरचा अविश्वास ठराव ३३१ मतांनी मंजूर झाला. म्हणजे तीन महिने. मी चार लिहिले होते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता कॅफेचं.

टीकेला मी घाबरत नाही. माझं विश्लेषण चुकलं, आकडा चुकला, अंदाज फसला, असं कुणीही म्हणावं. पण ‘कॅफेत बसून’ यात मुद्दा कुठे आहे? ते नुसतं हिणवणं आहे. आपण माझ्या घरी चहाला आला असतात तर हे वाक्य असंच तोंडावर बोलला असतात का?

मी २००९ मध्ये या शहरात आलो. सहावा मजला, लिफ्ट नाही, नऊ चौरस मीटरची खोली, संडास जिन्यापाशी आणि तो चौघांत एक. रात्री एका हॉटेलच्या काउंटरवर बसायचो, सकाळी बातमी पाठवायचो. निवास परवान्याच्या रांगेत थंडीत पहाटे चारपासून उभा राहिलोय आणि खिडकीपाशी पोहोचल्यावर एक कागद कमी म्हणून परत फिरलोय. इथल्या बहुतेक कॅफेंत काउंटरपाशी उभं राहून कॉफी प्यायली तर ती स्वस्त पडते, टेबलाशी बसलं की महाग. पहिली दोन वर्षं मी कॅफेत बसलोच नाही. उभा होतो.

आणि पॅरिसबाहेरचं म्हणाल, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या करवाढीविरुद्ध पिवळ्या जाकीटवाल्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात मी आमिएँजवळच्या एका गोल चौकात होतो. हे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांचं जन्मगाव. तिथला कपडे वाळवण्याची यंत्रं बनवणारा कारखाना पोलंडला हलवायचं ठरलं, तेव्हा २०१७ च्या निवडणुकीत मॅक्रॉन आणि ल पेन एकाच दिवशी त्या कामगारांना भेटायला गेले होते. पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला. चौकात लाकडी फळ्यांची शेकोटी, कागदी पेल्यात पातळ कॉफी. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची अंघोळ-जेवण बघणाऱ्या एका बाईंनी मला आपली हिशेबाची वही दाखवली. माझ्या आईच्या वाण्याच्या वहीसारखीच, कोपरे दुमडलेली. ‘डिझेल’ या शब्दाखाली दोन रेघा. वीस तारखेपुढची पानं कोरी, कारण वीस तारखेला पैसे संपायचे. इंधनावरची ती करवाढ सरकारने डिसेंबरमध्ये मागे घेतली. त्या बाईंचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि तुम्ही मला कॅफे सांगता?

त्यांनी मत कुणाला दिलं हे मी विचारलं नाही. कुणाच्या शेकोटीपाशी हात शेकून झाल्यावर तो प्रश्न विचारू नये, असं मला वाटतं. त्यामुळे तुमच्या ‘एक कोटी लोकां’विषयी इतकंच: २०२४ च्या संसद निवडणुकीच्या पहिल्या फेरीत ल पेन यांचा पक्ष आणि त्यांचे मित्र मिळून एक कोटीहून जास्त मतं पडली, हे मी लिहिलेलं आहे. दुसऱ्या फेरीआधी इतर पक्षांच्या दोनशेहून अधिक उमेदवारांनी, मतं फुटू नयेत म्हणून, त्यांना अडवायला माघार घेतली, हेही लिहिलेलं आहे. लेख नीट वाचावा.

रत्नागिरीचा उल्लेख मात्र तुम्ही करायला नको होता. जैतापूर रत्नागिरीतच येतं. २०१० च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे फ्रेंच राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा तिथल्या अणुभट्ट्यांचा करार झाला, तो फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीशी. ती कंपनी आर्थिक गर्तेत गेली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे आला. १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आज त्याच ईडीएफचा आहे, आणि २०२३ पासून ईडीएफ पूर्णपणे फ्रेंच सरकारच्या मालकीची आहे. त्याच जातीची फ्रान्समधली फ्लामांव्हिलची भट्टी १२ वर्षं उशिरा, डिसेंबर २०२४ मध्ये कशीबशी ग्रिडला जोडली गेली. आता सांगा, ज्या सरकारला ५७७ जणांच्या सभागृहात बहुमत नाही, ज्याची २०२४ ची तूट जीडीपीच्या ५.८ टक्के होती, ज्याचा पंतप्रधान बायरू ४४ अब्ज युरोंची बचत मागायला गेला आणि ८ सप्टेंबर २०२५ ला विश्वासमत ३६४ विरुद्ध १९४ मतांनी हरून घरी गेला, ज्याचा पुढचा पंतप्रधान लकोर्नू महिन्याच्या आत राजीनामा देऊन चार दिवसांत पुन्हा त्याच खुर्चीत बसला, ते सरकार माडबनच्या, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या गावच्या, विजेच्या दराची आणि कर्जाची हमी कशाच्या जोरावर देणार? माडबन-साखरीनाट्याच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, असं तुम्ही परस्पर ठरवलंत. मी तसं ठरवत नाही, म्हणून लिहितो.

मी मॅक्रॉनधार्जिणा आहे वगैरे शेवटच्या चार ओळींना उत्तर देत नाही. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करताना त्यांनी संसदेत मतदानाविना कायदा मंजूर करू देणारं राज्यघटनेचं कलम ४९.३ वापरून मतदान टाळलं, तेव्हा मी काय लिहिलं ते इथेच आहे, शोधून पाहा.

तुम्ही जुने वाचक आहात म्हणता. मग इतक्या वर्षांत एकदाही नाव न घालता लिहिता, याचं वाईट वाटतं. पुढच्या वेळी नावानिशी लिहा. आणि ‘कॅफे’ हा शब्द मागे घेतलात, तर मला खरंच बरं वाटेल.