‘ताई, शिवणकाम वेगळं आणि संरक्षण वेगळं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विद्युतवाहक लेप दिलेल्या कापडांवरच्या माझ्या लेखाखाली आपण सविस्तर लिहिलंत. असा कोट विद्युतचुंबकीय लहरी आणि स्थिर वीज किती अडवतो याच्याइतकंच तो अंगावर किती वेळ सोसवतो हेही तपासायला हवं, असं मी म्हटलं होतं. आपले आक्षेप असे: डेसिबलचा (कापड लहरी किती अडवतं हे सांगणाऱ्या एककाचा) हिशेब चुकला, धुण्याबद्दल अवाक्षर नाही, चाचणीचे आकडे नाहीत. आणि शेवटी, “ताई, शिवणकाम वेगळं आणि संरक्षण वेगळं. घाम येतो म्हणून कोणी चिलखत उतरवत नाही.”

डेसिबलची चूक मान्य. 20 वरून 40 डेसिबल म्हणजे ‘दुप्पट संरक्षण’ असं मी लिहिलं, ते चुकलं. 20 डेसिबलला लहरींच्या शक्तीचा शंभरावा भाग आरपार जातो, 40 ला दहा हजारावा. लेखात दुरुस्ती केली आहे. धुण्याचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, आणि आकड्यांची तक्ते-यादी देण्यासाठी मी हा ब्लॉग लिहीत नाही.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल.

भोसरी एमआयडीसीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटीत होते. सर्किट बोर्ड जोडणाऱ्या लाइनवर सगळ्यांना कार्बनचा लेप दिलेले पॉलिस्टरचे अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेपासून बोर्ड वाचवणारे, कोट असत. एका मे महिन्यात हॉलचा एसी बंद पडला आणि तीन आठवडे तसाच राहिला. दुसऱ्या शिफ्टला मी लाइनवरून फिरायचे तेव्हा निम्म्या मुलींची वरची तीन बटणं उघडी आणि बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. चिलखत उतरवत होत्या, साहेब. रोज, माझ्या डोळ्यांदेखत. मी ओरडायचे, त्या बटणं लावायच्या, आणि मी वळले की पुन्हा उघडायच्या. त्यांना दोष देण्याची माझी हिंमत होत नाही, कारण माझ्याही पाठीला तोच कोट चिकटलेला असे.

कोट उघडा राहिला की काय होतं हे आपल्याला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. आतल्या सिंथेटिक ड्रेसवर घर्षणाने विद्युतभार साठतो. जमिनीशी जोडलेला वाहक कोट त्याला झाकून ठेवतो. समोरून उघडला की त्या भाराचं क्षेत्र थेट हातातल्या बोर्डापर्यंत पोचतं. माणसाला झटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. काही नाजूक सुटे भाग 100 व्होल्टच्या आतच बिघडतात. म्हणजे कुणाला काही कळण्याआधीच नुकसान झालेलं असतं. त्या घडीला कोटाच्या प्रमाणपत्रावर काय छापलंय याला काय अर्थ उरतो?

आणि घाम ही नखऱ्याची गोष्ट नव्हे. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातली सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. कापडावर पेस्ट ओढून लेप दिला की धाग्यांमधल्या फटी बुजतात, वाफ आतच कोंडते आणि हा मार्ग बंद होतो. म्हणूनच तर आयएसओ 11092 या चाचणीत 35 अंशांना तापवलेल्या, घामासारखी ओल सोडणाऱ्या प्लेटवर कापड ठेवून ते वाफेला किती अडवतं ते मोजतात. ही शिंप्याची चाचणी नाही.

शिवाय फटी बुजवायलाच हव्यात असंही नाही. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तिच्यापुढे विणीतलं मिलिमीटरभराचंही नसलेलं छिद्र नगण्य. धाग्याधाग्यावर तांबं, निकेल किंवा चांदीचा पातळ थर चढवला आणि धागे एकमेकांना नीट टेकलेले राहिले, तर कापड हवा जाऊ देतं आणि लहरी अडवतं. पॉलिपायरोलसारखा वाहक पॉलिमर (वीज वाहून नेणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) तंतूवरच तयार केला तरी विणीतल्या फटी बऱ्याचशा मोकळ्या राहतात. सोय आणि संरक्षण यांचं भांडण आपण गृहीत धरलंत. माझा अख्खा लेख ते भांडण मिटवता येतं हे सांगण्यासाठी होता, आणि आपण तो शेवटपर्यंत वाचला असता तर हे दिसलं असतं.

राहिलं ‘शिवणकाम’. माझ्या आईने कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत तीस वर्षं ब्लाउज शिवले. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो खांद्याजवळचा घेर, आखूड बेतला की हात वर करताच अख्खी बाही ओढली जाते, हे मी तिच्याकडून शिकले. त्या कोटांचा मुंढा तसाच होता. वरच्या रॅकमधला ट्रे काढायला मुलींनी हात उचलला की कफ मनगटावरून वर सरकायचा आणि आतली बाही उघडी पडायची. लेप उत्तम होता, शिवण वाईट होती आणि संरक्षण तिथेच संपत होतं. हे मी लेखी कळवलं होतं. तेव्हाही मला “ताई, तुम्ही बोर्ड तपासा, कपडे नको” असंच उत्तर मिळालं होतं. म्हणून आपलं वाक्य इतकं लागलं.

आपण चाळीस वर्षं वस्त्रोद्योगात आहात असं लिहिलंत. त्या चाळीस वर्षांत असा कोट गळ्यापर्यंत बंद करून आठ तास उभे राहिलात का, एवढंच मला विचारायचं आहे. राहिला असाल तर जरूर लिहा, मी ते लेखातच जोडेन. आपली प्रतिक्रिया काढणार नाही. पुढच्या वेळी ‘ताई’ म्हणालात तर मात्र ते आपुलकीने म्हणा.