चार सळयांच्या जागी एक स्ट्रँड? तो मेसेज पुढं पाठवू नका

आपल्याकडच्या बांधकामाच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय. पुलाच्या गर्डरमधी (आडव्या तुळईत) घालतात ती सात तारांची पीळदार स्ट्रँड भंगारात स्वस्त मिळते, तिची ताकद १८६० मेगापास्कल आणि सळईची ५००, म्हणून स्लॅबमधी चार सळयांच्या जागी एक स्ट्रँड टाका, लोखंड वाचतं, स्लॅबही जास्त मजबूत. काही गुत्तेदार हे खरं धरून चाललेत म्हणून लिहितोय.

"ताकद चौपट." आकडे खरे आहेत. पण स्लॅबला नुसती तुटायची ताकद पुरत नाही, लोखंड किती लांबतं ते बघावं लागतं, आणि त्यात स्ट्रँड आणि सळई जवळपास सारख्याच, १९५ आणि २०० गिगापास्कल (लोखंड लांबायला किती विरोध करतं त्याचं हे माप). चार १० मिमी सळयांचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, १२.७ मिमीच्या एका स्ट्रँडचं ९८.७. म्हणजे तेवढ्याच वजनाखाली स्ट्रँड तिप्पट ताणली जाणार, तिची १८६० ची ताकद कामाला यायच्या कितीतरी आधी स्लॅब झुकलेला आणि खालून रुंद भेगा पडलेल्या.

"पुलात चालते मग घरात का नाही?" कारण पुलात ती जॅकनं आधीच ताणलेली असते, एकेका स्ट्रँडला साधारण १४ टन, दहा मीटरची स्ट्रँड सात सेंटिमीटर लांबते, मग टोकं वेज (पाचर) लावून अँकरेजमधी (टोकाच्या पोलादी पकडीत) धरतात आणि तो दाब काँक्रीटला भेगाळू देत नाही. सैल विणलेल्या बाजेवर बसलं की माणूस खाली जातोच, सुतळी कितीही मजबूत असो, तसंच न ताणलेल्या स्ट्रँडचं. शिवाय तिथं काँक्रीट किमान एम ३० किंवा एम ४० लागतं (आकडा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत), घराचा स्लॅब बहुतेक एम २० चा.

"चाराला एक." १५० मिमीवर सळया असतील तर अंतर झालं ६०० मिमी, दोन फूट! आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं मेन सळयांमधी ३०० मिमीपेक्षा जास्त अंतर चालतच नाही, पातळ स्लॅबला त्याहून कमी. त्यात सळईला काँक्रीट पकडायला रिब (उंचवटे) असतात, स्ट्रँडच्या तारा गुळगुळीत, बारबेंडरनं वाकवून हूक करायचा म्हणलं तर ती उसळी मारून परत सरळ होते.

"तुकडे वेल्डिंगनं जोडा." हे सगळ्यात धोक्याचं. या तारा थंड ओढून कडक केलेल्या असतात, वेल्डिंगच्या उष्णतेनं ती ताकदच जाते. आणि जेमतेम सव्वाचार मिमीच्या तारेला भंगारात गंज चढला तर उरतं किती?

भूकंपाचं मेसेजमधी काहीच नाही, आणि आपण किल्लारीच्या मुलखातले. ३० सप्टेंबर १९९३ ला पडली ती दगडमातीची जड घरं, आरसीसी (लोखंड घातलेलं काँक्रीट) नाही, हे मान्य. पण आरसीसी हादऱ्यात टिकतं ते लोखंड तुटायच्या आधी लांबतं म्हणून, एफई ५००डी या प्रकारच्या सळईला ते किमान १६ टक्के लागतं, स्ट्रँडला फक्त ३.५. आणि हे लोक उद्या बीममधीही तीच टाकणार.

कुणाच्या स्लॅबमधी अशी स्ट्रँड आधीच पडली असेल तर सेंट्रिंग (खालचे टेकू आणि फळ्या) काढू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, टाकताना काढलेले फोटो दाखवा, तोवर वर विटा, वाळू काही ठेवू नका.