शेवटच्या आठ किलोमीटरसाठी प्रवाशांना नम्र सूचना

पॅसेंजर गाडीने प्रवास कसा करावा, हे कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसते. ही विद्या अनुभवानेच मिळवावी लागते. मला ती गेल्या मंगळवारी, अखेरच्या स्थानकाच्या अलीकडील एका लहानशा स्टेशनात, फलाट नसलेल्या लूप लाइनवर, म्हणजे मुख्य लाइनच्या बाजूच्या रुळांवर, उभ्या असलेल्या डब्यात बसून पन्नास मिनिटांत मिळाली. विद्या दिल्याने वाढते असे म्हणतात, म्हणून ती येथे विनामूल्य देत आहे. ज्यांचा प्रवास नेहमी आरक्षित डब्यातूनच होतो, त्यांनी हा लेख वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांच्या वेळेला किंमत आहे.

सुरुवात तिकिटापासून करावी. १९९ किलोमीटरपर्यंतचे अनारक्षित तिकीट काढल्यावर तीन तासांच्या आत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकी जे नंतर घडेल तोपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. या नियमाच्या उत्तरार्धाकडे सुज्ञांनी विशेष लक्ष द्यावे. तीन तास उलटूनही पहिलीच गाडी सुटलेली नसेल, ही शक्यता नियम लिहिणाऱ्याने आधीच गृहीत धरलेली आहे, आणि आपल्याच कारभाराविषयी इतकी प्रांजळ कबुली सरकारी भाषेत सहसा वाचायला मिळत नाही.

गाडी न आल्यास तिकीट रद्द करण्याचा विचार मनात आणू नये, कारण अनारक्षित तिकीट रद्द करताना माणशी तीस रुपये कापण्याचा नियम आहे आणि आपले तिकीट बहुधा त्याहून स्वस्त असते.

रिकाम्या वेळेत तिकिटाचे वाचन करावे. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते, अशा अर्थाचे वाक्य २०१६ पासून तिकिटांवर छापले जाऊ लागले, आणि तेव्हापासून खिडकीतून तिकिटाबरोबर उपकाराचा कागदही आपल्या हाती पडू लागला. उरलेले ४३ टक्के आपण कोणत्या स्वरूपात भरतो, हे पुढे येईलच.

‘पॅसेंजर’ या नावाचाही फार मोह धरू नये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे गाड्या थांबल्या आणि पुढे पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा आपली जुनीच गाडी क्रमांकापुढे शून्य लावून ‘विशेष’ होऊन परतली. दरवाजाची तुटलेली कडी तीच होती, शौचालयातला कोरडा नळ तोच होता, फक्त किमान भाडे दहा रुपयांचे तीस रुपये झाले होते. मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या कपाळावरचे हे शून्य नोव्हेंबर २०२१ मध्येच पुसायला घेतले गेले. आपले भाडे पूर्वपदावर यायला मात्र फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला, आणि क्रमांकातील शून्य जायला त्यानंतरही बरेच महिने लागले. या काळात गाडीत विशेष ते काय होते, असे कोणी विचारल्यास, पूर्वीच्या काही हॉल्टवर ती थांबेनाशी झाली होती, असे उत्तर द्यावे.

जागा धरण्यासाठी खिडकीतून रुमाल टाकावा. तो चांगला नसावा.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे थांबण्याकडे वळतो. आपली गाडी निघण्यासाठी असते असा एक गैरसमज प्रवाशांत आढळतो. प्रत्यक्षात ती इतर गाड्यांना निघता यावे म्हणून बाजूला उभी राहण्यासाठी असते. गेल्या मंगळवारी आमची गाडी त्या लहान स्टेशनात सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी, म्हणजे अगदी ठरल्या वेळी पोहोचली. तेथून अखेरचे स्थानक अवघे आठ किलोमीटर आहे. डब्यातली निम्मी माणसे पिशव्या सावरून दारापाशी जाऊन उभी राहिली, आणि यावरूनच ती रोजची प्रवासी नव्हेत हे ओळखता आले, कारण रोजच्या प्रवाशांनी त्याच क्षणी चपला काढून पाय समोरच्या बाकावर घेतले होते.

अशा वेळी मन रमवण्यासाठी जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी मोजाव्यात. मी मोजल्या. त्या ५८ निघाल्या, सगळ्या रिकाम्या होत्या, आणि त्यांच्यामागे गार्डचा डबा होता. रेल्वेच्या कागदोपत्री प्राधान्यक्रमात मालगाडीचे स्थान पॅसेंजरच्या खाली असते, हे ज्ञान त्या प्रसंगी उगाळू नये, त्याने रक्तदाब वाढतो. मालगाडीनंतर एक एक्सप्रेस गेली. तिच्या काळ्या काचांमागे माणसे झोपलेली असावीत असा माझा अंदाज आहे; निदान त्यांच्यापैकी कोणी आमच्याकडे पाहिले नाही. हेही ठीक. दोन गाड्यांना वाट दिली, आता आपली पाळी, असे वाटून दारातली माणसे पुन्हा सावरून उभी राहिली.

आणि मग काहीही गेले नाही. वीस मिनिटे त्या मुख्य लाइनवरून एकही गाडी गेली नाही, येणारी दिसली नाही, आणि आमचा सिग्नल लालच राहिला. मालगाडी गेली तर समजते, एक्सप्रेस गेली तर समजते. मोकळ्या रुळांसाठी कोणाला थांबवून ठेवतात, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. उद्घोषणा झाली नाही. फलाटच नसल्याने कोणाला विचारावे हा प्रश्नही उरला नव्हता. एका गृहस्थांनी उतरून खडीतून चालत मागे जाऊन गार्डला विचारले, ज्यांचे पदनाम २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ असे झाले आहे. ते सरळ माणूस होते. “तुम्हाला दिसतो तोच सिग्नल मलाही दिसतो,” एवढेच ते म्हणाले.

माझ्यासमोर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मांडीवर एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा होता, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड रबराने बांधलेले होते, आणि ते रबर ते सारखे काढून पुन्हा लावत होते. पहाटे पाचला घर सोडले होते. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत नंबर लागायचा होता, आणि त्या रांगेत साडेनऊला उभे राहणे आणि सव्वादहाला उभे राहणे यांत काय फरक असतो, हे ज्यांनी ती रांग पाहिली आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

“रोज असंच थांबवतात का हो?” त्यांनी शेजारच्या कॉलेजच्या मुलाला विचारले.

“रोजच, आजोबा. झोप काढा थोडी,” तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच डोळे मिटले.

झोप येत नसल्यास उतरून चालत जाण्याचा पर्याय आहे, असे काही जण सुचवतात. तो पुष्कळांनी स्वीकारला. शेवटच्या पायरीपासून खडीपर्यंतचे अंतर कमरेएवढे असते, त्यामुळे आधी पिशव्या, मग मूल आणि शेवटी आई, असा क्रम ठेवावा. एका बाईने आपले वर्षाचे मूल खाली उभ्या असलेल्या पूर्णपणे अनोळखी माणसाच्या हाती दिले, चपला हातात घेऊन स्वतः खाली उडी मारली, आणि रूळ ओलांडून रस्त्यावरच्या रिक्षांकडे निघाली. येथे वाचकांना सावध करणे माझे कर्तव्य आहे, की रूळ ओलांडणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंडाचा अपराध आहे. त्याच कायद्याच्या कलम १४१ अन्वये पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढून गाडी थांबवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुरेशा कारणाशिवाय सिग्नल लाल ठेवून हजारभर माणसे रुळांवर उभी करणाऱ्यासाठी या दोन्ही कलमांत एक शब्दही नाही, त्यामुळे त्याबाबत प्रवाशांनी निश्चिंत असावे.

मोबाइलवर गाडीची स्थिती पाहू नये. मी पाहिली. ‘गाडी वेळेवर’ असे तेथे हिरव्या अक्षरांत लिहिलेले होते.

आधी मला तो यंत्राचा दोष वाटला. मग मी वेळापत्रक उघडले, आणि आपल्याला इतकी वर्षे हे कसे दिसले नाही याची लाज वाटली. अखेरच्या स्थानकातून ही गाडी संध्याकाळी परत निघते, तेव्हा या लहान स्टेशनापर्यंतच्या आठ किलोमीटरना तिला ११ मिनिटे दिलेली आहेत. सकाळी येताना त्याच रुळांवरून, तेच इंजिन, तेच डबे, त्याच आठ किलोमीटरना ५१ मिनिटे, ९.१४ पासून १०.०५ पर्यंत, दिलेली आहेत. सायकलवाला याहून लवकर पोहोचतो. गाडी वेळेवर आली की नाही हे अखेरच्या स्थानकावर मोजतात, म्हणून सगळ्या वाटेतल्या विलंबाची भरपाई करणारी मिनिटे शेवटच्या दोन स्थानकांमध्ये आणून कोंबलेली आहेत. आम्ही १० वाजून २ मिनिटांनी हललो, १० वाजून १३ मिनिटांनी पोहोचलो, वेळापत्रकात १०.०५ लिहिलेले होते, आणि स्थानकात शिरताना ध्वनिक्षेपकावरील बाई म्हणाल्या, की गाडी आठ मिनिटे उशिराने येत असून होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद आहे. पन्नास मिनिटे आम्ही उभे होतो, आणि खेद आठ मिनिटांचा.

सूचना येथे संपल्या, कारण यापुढे मला थट्टा जमत नाही.

रिकाम्या वाघिणींना वाट द्यावी लागते, एका मार्गावर गाड्या फार झाल्या आहेत, तिसरी लाइन अपुरी आहे, हे सगळे मला समजते आणि डब्यातल्या प्रत्येक माणसाला समजते. अडचण सांगितली तर ऐकून घेणारी माणसे आहेत ती. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ऐकूनच घेतले आहे. पण हे वेळापत्रक अडचणीतून झालेले नाही, ते कोणीतरी टेबलाशी बसून, पंख्याखाली, पेन हातात घेऊन तयार केलेले आहे. उशीर कमी करणे जमले नाही, म्हणून उशीर हीच वेळ ठरवून टाकली, आणि मग आपण वेळ पाळतो म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. हा हिशेबातला लबाडपणा आहे, आणि तो ज्यांच्या मिनिटांवर चालला आहे त्यांच्यात रोजंदारीवर जाणारे आहेत, परीक्षेला जाणाऱ्या मुली आहेत, रबर काढून लावत बसलेले ते आजोबा आहेत. यांचा अर्धा दिवस बुडाला तर कोणत्याही तक्त्यात त्याची नोंद होत नाही. ५७ टक्के आम्ही पैशांत भरतो आणि उरलेले असे भरतो, त्यामुळे ते तिकिटावरचे वाक्य तरी आता काढून टाका.

आणि “पॅसेंजर आहे, चालायचंच” असे म्हणून हसणाऱ्या माझ्या सहप्रवाशांनो, तुमच्याही तोंडचे हे वाक्य मला आता ऐकवत नाही. मीही ते वीस वर्षे म्हणत आलो. आपण चालवून घेतले म्हणूनच ११ चे ५१ झाले.

वेळापत्रक करणाऱ्यांनी ते ५१ खोडून तेथे ११ लिहावेत. गाडी मग रोज अठ्ठेचाळीस मिनिटे उशिरा येईल. तर ती अठ्ठेचाळीस मिनिटे उशिरा आली, असे त्याच ध्वनिक्षेपकावरून रोज सकाळी आम्हाला सांगावे.