स्टँडवर झोपणारे सगळे ‘नशेडी’ नाहीत

“स्टँड, भवानी मंडप, रंकाळा, जिथं बघाल तिथं नशेडी पडलेत. व्यसनापायीच रस्त्यावर आले. गाडीत भरून शहराबाहेर सोडा, नाहीतर चार दिवस कोंडा, आपोआप उतरेल.” हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय आणि चांगली शिकलेली माणसं त्याला ‘लाईक’चा अंगठा देऊन पुढं पाठवताहेत.

आधी ‘सगळे’ या शब्दाचं बघू. पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावर जा. तिथं सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पेशंट घेऊन आलेले, लॉजचं भाडं न परवडणारे नातेवाईक असतात. सुनेनं-मुलानं घराबाहेर काढलेली म्हातारी असते. रोजंदारीवरचा गवंडी चप्पल उशाला घेऊन झोपलेला असतो, कारण चप्पल चोरीला गेली तर सकाळी नाक्यावर अनवाणी उभं राहायचं कसं?

व्यसनापायी घर सुटलेलेही आहेत, ते नाकारत नाही. पण कितीतरी जणांचं उलटं होतं. आधी घर सुटतं, मग थंडी, डास आणि मध्यरात्री बसणारी लाथ सोसायला दारूची क्वार्टर लागते. पोरं पंक्चरचं सोल्युशन फडक्यात ओतून हुंगतात, त्यानं भूक मरते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं आणि मुलांत १.१७. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मेसेजमध्ये त्या देणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही.

‘कोंडा, उतरेल’ हे तर जीवघेणं आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भास होतात, माणूस बरळतो. वेळेत औषध मिळालं नाही तर जीवही जातो. त्याला डॉक्टर लागतो, कुलूप नव्हे. त्याच सर्वेक्षणानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळतो.

शहराबाहेर सोडून काय होणार? हातकणंगल्यात उतरवलेला माणूस मिळेल त्या गाडीनं परत येतो. फक्त त्याचा केसपेपर हरवतो आणि टीबीच्या गोळ्या मध्येच तुटतात.

लाखभर लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा, असा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांचं होतं, म्हणजे किमान पाच. महापालिकेला विचारायचं ते हे, की रात्री दोनला यातले किती उघडे असतात, आणि तोंडाला वास येणाऱ्याला आत घेतात का? २०१९ च्या पुरात लोकांच्या निवाऱ्यासाठी शाळा उघडल्या, तेव्हा दारात कुणी कुणाचं तोंड हुंगलं नव्हतं.

गल्लीत कुणी थरथरत, बरळत पडलेला दिसला तर १०८ लावा. व्यसनावरच्या उपचाराची माहिती १४४४६ वर मिळते, कॉल मोफत आहे.