फुकट शिकून नाव घालवू नका

१ मे, म्हणजे कॉलेज पक्कं करायची शेवटची तारीख, जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी घरांत एकच घोर लागतो. लेकीला कोलंबियाचा होकार आलाय. तिकडे युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाने ती पीएसएटी परीक्षेच्या गुणांवर ठरणाऱ्या नॅशनल मेरिटमध्ये आली म्हणून पाच वर्षांपर्यंतची फी, चार वर्षांची खोली आणि वर हातखर्च देऊ केलाय. आता करायचं काय? अहो, विचार कसला करताय? कर्ज काढा!

कोलंबिया पडलं आयव्ही लीगमधलं, म्हणजे आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातलं. तिथे हुशारीसाठी स्कॉलरशिप मिळत नाही, गरज असेल तरच मदत मिळते. ती गरज ठरवायला तुम्ही रात्री जागून सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज भरलात, दोघांचे आयटीतले पगार लिहिलेत. उत्तर आलं, तुम्हाला गरज नाही. अभिनंदन! कॉस्टकोच्या कूपनांवर संसार केलेल्या माणसाला इतक्या अधिकृतपणे श्रीमंत कोण ठरवतं? आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर मोजायचे, चार वर्षं. रुपयांत गुणाकार करू नका. तीन कोटी येतात आणि ते पुण्याला आजोबांच्या कानावर जातात.

बदल्यात मिळतो कोलंबियाच्या नावाचा स्टिकर. गाडीच्या मागच्या काचेवर, खाली डावीकडे, फुगा न राहू देता क्रेडिट कार्डाच्या कडेने दाबून बसवायचा.

याची किंमत कळत नसेल तर मंडळाच्या गणपतीला स्टिकरशिवाय जाऊन बघा. जेवणाच्या रांगेत मसालेभात वाढता वाढता काकू विचारतील, "काय गं, लेक कुठे तुझी?" अलाबामा म्हटलंत की डाव हवेतच थांबतो. "असू दे हो. मास्टर्सला मिळेल चांगलं." आणि मठ्ठा जरा जास्तच वाढतात. हे सांत्वन चार वर्षं सोसायचं की घर गहाण टाकायचं, तुम्हीच ठरवा.

रँकिंगची काळजी नको. २०२२मध्ये कोलंबियाच्याच गणिताच्या प्राध्यापकांनी, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठाने रँकिंगसाठी दिलेले आकडे तपासले आणि पुढच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून थेट अठराव्यावर आलं. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, फीसुद्धा तीच. स्टिकरवर क्रमांक छापत नाहीत, हे किती दूरदर्शीपणाचं!

कुणीतरी डेल आणि क्रुगर या अर्थतज्ज्ञांचा २००२चा अभ्यास नाकापुढे नाचवेल. सारख्याच गुणांच्या आणि सारखेच होकार-नकार मिळालेल्या मुलांमध्ये नामांकित कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई इतरांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाही. खरा फायदा दिसला तो गरीब घरांतल्या मुलांना. तुम्ही गरीब नाही, हे सीएसएस प्रोफाइलने सिद्धच केलंय. म्हणजे फायदा होणार नसतानाही पैसे मोजण्याचा मान खास तुमचा.

सरकारने मात्र ऐन वेळी हात आखडता घेतलाय. जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांना 'पेरेंट प्लस'मधून एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार डॉलरच मिळणार. खचू नका. खासगी बँका आहेत, घर आहे, तुमची निवृत्ती तर आहेच, ती कुठे पळून जातेय?

फक्त धाकट्यावर लक्ष ठेवा. तो यंदा पीएसएटीला बसतोय आणि पोरगं रात्री बारापर्यंत अभ्यास करतंय म्हणे. वेळीच आवरा त्याला.