थंब लावला की माऊस का मरतो? पारोळ्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा जरा लागली. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली, तेव्हा पटली. निम्मी तरी.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भाऊंचं पारोळ्याकडे दाखले काढून द्यायचं केंद्र आहे; तिथे मशीनवर लोकांचा थंब, म्हणजे बोटाचा ठसा घेतात. ज्याचा संपर्क सारखा तुटतो अशा वायरलेस माऊसवरचा माझा लेख वाचून त्यांनी सेल बदलले, मग माऊस बदलला, मग दुसऱ्या कंपनीचा घेतला. तिन्ही वेळा तेच. त्यांनी लिहिलंय, "सेल बदला हे तर शेंबडं पोरगंही सांगतं. थंब लावला की माऊस मरतो आणि समोर वीस माणसं उभी. गावात ५जीचा टॉवर आला तेव्हापासून हे सुरू आहे. वायरलेस म्हणजे सगळा कचरा. हाई काय सांगी राह्यनात भो?"

आधी माझी चूक. मी सेल पहिल्या नंबरवर ठेवला, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच माऊसना तेवढंच झालेलं असतं. पण सेल बदलूनही जो तुटतो, त्याच्यासाठी माझ्या लेखात 'नवीन घेऊन बघा' याच्यापुढे काही नव्हतं. तुमचे दोन माऊसचे पैसे त्या एका ओळीने घालवले. सेलच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता: माऊस मेला त्या क्षणी कॉम्प्युटरमधून आवाज आला का?

पेनड्राइव्ह उपसला की विंडोज 'टुडुंग' असा उतरता आवाज काढतं ना, तो. स्पीकर बंद असेल तर चालू करा, आणि एक दिवस फक्त कान देऊन काम करा. तो आवाज येऊन माऊस गेला, तर माऊस बिचारा शाबूत आहे. कॉम्प्युटरमध्ये खोचलेलं त्याचं नखाएवढं डोंगलच यूएसबीवरून खाली पडलंय, म्हणजे दोष पोर्टात, हबमध्ये नाहीतर करंटमध्ये. आवाज न येता माऊस गेला, तर डोंगल जागेवर आहे आणि मधल्या हवेत गडबड आहे, किंवा सेल उतरलाय, किंवा कोणीतरी झोपलंय. या दोन रोगांची औषधं वेगळी. मी दोन्ही एकाच पुडीत बांधून दिली.

आता तुमचंच वाक्य तुम्हाला परत देतो: "थंब लावला की माऊस मरतो." लिहिता लिहिता तुम्ही निदान करून गेलात आणि दोष टॉवरला दिलात! तुमच्या टेबलावर काय काय असेल याचा अंदाज करतो. बोटाचा ठसा घ्यायचं मशीन, फोटोसाठी वेबकॅम, प्रिंटर, कीबोर्ड, आणि हे सगळं एका लॅपटॉपला पुरेना म्हणून चार तोंडांचा एक हब. त्याच हबमध्ये माऊसचं डोंगल. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल, तर तो जे काही वाटतो ते लॅपटॉपच्या एका पोर्टातून घेऊन. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. त्यावर चार पाहुणे जेवायचे. ठशाचं मशीन एरवी गप्प असतं, पण बोट ठेवलं की त्याचा दिवा पेटतो आणि ते एकदम जास्त ओढतं. व्होल्टेज खाली येतं, हब गडबडतो, आणि पंगतीतलं डोंगल उपाशी उठतं. दुसऱ्या क्षणी सगळं सुरळीत, म्हणून संशय माऊसवर. माऊस तीन काय, दहा बदललेत तरी हब तोच राहणार.

करून बघायला पैसे लागत नाहीत. उद्या ठशाचं मशीन हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, बाकी काहीही हलवू नका. आणि हे 'काहीही हलवू नका' मी मुद्दाम म्हणतोय. गर्दी असते, वैताग येतो, माणूस एकदम चार वायरी इकडच्या तिकडे करतो. मग माऊस सुधारला तरी कशाने ते कळत नाही, आणि आठवड्याने परत तेच. थांबलं तर अडॅप्टरवाला हब आणा, विषय संपला.

आता ज्यांच्याकडे आवाज येत नाही त्यांची गोष्ट. अमळनेरला माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईत त्याचा फोन: माऊस अडखळतो, बाण मध्येच चिकटतो, अल्बम लावता येत नाही. मी शहाणपणाने सेल सांगितले. दोनदा. शेवटी गेलो आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. अर्धा तास माऊस लोण्यासारखा चालला. मग त्याने एका हळदीचं शूटिंग बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकायला घेतलं. डिस्कचा निळा दिवा लुकलुकायला लागला आणि इकडे बाण ठेचकाळत चालायला लागला. कॉपी संपली, दिवा शांत झाला, बाण पुन्हा सरळ. डिस्क निळ्या पोर्टात होती आणि डोंगल तिच्या शेजारच्याच पोर्टात, मध्ये बोटभर अंतर.

निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने डेटा धावतो, आणि त्या धावण्याचा जो रेडिओ कचरा पोर्टातून आणि वायरीतून बाहेर सांडतो, तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो. माऊस तिथेच बोलतो. इंटेलनेच २०१२ साली हे मोजून जाहीर केलंय, म्हणजे ही माझी गावठी थिअरी नाही. कानाशी बॅंजो वाजत असताना समोरच्याचं कुजबुजणं ऐकू येईल का? डोंगलचं तसं होतं. नुसतं शेजारच्या काळ्या, म्हणजे २.० च्या पोर्टात हलवून नेहमी भागत नाही; उपाय अंतराचा आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून साधी यूएसबी २.० ची एक्स्टेंशन वायर आणली आणि डोंगल टेबलावर माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवलं. मावसभाऊ म्हणाला, "एवढंच होतं?" एवढंच होतं. तिथं जाईपर्यंत मात्र मला तीन फोन आणि एक एसटी लागली.

ज्यांचा डेस्कटॉप लोखंडी टेबलाखाली आणि डोंगल त्याच्या पाठीमागे, त्यांनाही हीच वायर. पत्र्यापलीकडून बोलायला लावू नका.

टॉवरबद्दल. आपल्याकडचा ५जी मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झला आणि ३,३०० च्या वर चालतो. माऊस २,४०० ते २,४८३.५ मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. हा पट्टा सरकारने २००५ साली कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, म्हणून वायफाय, ब्लूटूथ, माऊस सगळे तिथेच गर्दी करतात; मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच तापवतो. तेव्हा टॉवरपेक्षा त्याच टेबलावर हॉटस्पॉट चालू करून ठेवलेल्या मोबाईलवर संशय घ्या. तो हातभर लांब ठेवा, आणि फोन-लॅपटॉप दोन्हीला जमत असेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाका. (हे '५' आणि ५जीचं '५' वेगळे. एकात गिगाहर्ट्झ, दुसऱ्यात पिढी. यावरून आमच्या दुकानात भांडणं झालीत.)

माऊस काम चालू असताना नाही, पण पाच-दहा मिनिटं हात न लावता ठेवल्यावर मरत असेल, तर विंडोज वीज वाचवण्यासाठी यूएसबीला झोपवत असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'वर जा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी बंद करायची परवानगी असते, तिची टिकमार्क काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' दिसत असेल तर तेही बंद करा, बॅटरीवरचं आणि प्लगवरचं दोन्ही. आपल्याकडे दुपारी लाइट जाते आणि लॅपटॉप बॅटरीवर येतो. एकच बंद केलं तर दुसरं उरतंच.

आणि बाण थांबला पण उजवं क्लिक केल्यावर मेनू उघडतोय? मग काहीच तुटलेलं नाही. माऊस उलटा करून भोकात बघा. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आजूबाजूला तिथे हमखास तंतू सापडतो.

सेलचं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही. घड्याळाचे स्वस्त सेल माऊसमध्ये घालू नका, अल्कलाइन घ्या. मे महिन्यात बंद दुकानात पडलेल्या माऊसमधले सेल काढून ठेवा, उकाड्याने ते लवकर पाझरतात. अल्कलाइन पाझरून स्प्रिंगवर पांढरी पूड आली असेल, तर कापसाच्या काडीने थोडं लिंबू लावून पुसा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका.

'वायरलेस म्हणजे कचरा' हे मला मान्य नाही, पण तुमच्या काउंटरसाठी तुमचं बरोबर आहे. समोर वीस माणसं, एकच खुर्ची, माऊस कुठेही न्यायचा नाही; तिथे वायरवाला माऊसच हवा. मी स्वतः दुकानात तोच वापरतो. फक्त तो त्याच हबमध्ये लावू नका, थंब लावल्यावर तोही मरेल आणि तुम्ही मला परत लिहाल.

जुन्या लेखात आज दुरुस्ती केली आहे. आवाजाचा प्रश्न वर आणला, सेल खाली नेले. ते दोन माऊस फेकले नसतील तर उद्या ठशाचं मशीन थेट लॅपटॉपला लावून दोन्ही चालवून बघा, आणि 'टुडुंग' वाजलं की नाही तेवढं इथे खाली कळवा.